परिच्छेद चव्वेचाळीस

प्रिय बारके,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू आधी वाट बघितली असशील, मग चिडली असशील, आणि आता नक्की कमरेवर हात ठेवून उभी असशील. लहानपणी मी "आले आले" म्हणून आलेच नाही की तू अशीच दारात येऊन उभी राहायचीस, न्यायाधीशासारखी. मला तेव्हा हसू यायचं. आज मात्र तू खरोखर तशी समोर असतीस तर हे सगळं तोंडानं सांगायची माझी छाती झाली नसती, म्हणून कागदावर लिहितेय.

आतली खोली रिकामी केलीस, खिडकीला नवी जाळी लावलीस, माझं कपाट बसेल की नाही म्हणून भिंत मोजलीस, असं लिहिलं आहेस. पुढच्या महिन्यात निवृत्त झालीस की सामान उचल आणि सरळ ये, विचारबिचार करत बसू नकोस, असा हुकूमही सोडला आहेस. मी पत्र उघडल्यावर आधी मजकूर वाचलाच नाही गं. आधी अक्षर पाहिलं. पाच वर्षांत तू स्वतःच्या हातानं मला एक ओळ लिहिली नव्हतीस. चष्म्याच्या दुकानात साधी पावतीसुद्धा तू दुसऱ्याला लिहायला लावतेस, हे तूच मला सांगितलं होतंस, आणि हसत सांगितलं होतंस. त्या हसण्याचा मला किती राग आला होता, आणि कुणाचा आला होता, तेही या पत्रात येईल. तुझ्या पत्रात खोली आणि जाळी झाल्यावर एक वाक्य आहे. त्या वाक्याला उत्तर दिल्याशिवाय मला तुझ्या घरात पाऊल ठेवता येणार नाही. पण त्याच्याकडे मी शेवटी वळते. आधी जरा लांबून येऊ दे.

ताई कोर्टात स्वल्पविराम मोजायला जाते, असं तू सगळ्यांना सांगायचीस. आई रागवायची, पण ते खरंच होतं. आमची प्रकाशन शाखा तळघरात आहे. वर न्यायाधीश निकाल देतात आणि खाली आम्ही तो कागदावर नीट उतरलाय की नाही ते पाहतो. जोडीनं वाचायचं. एकानं छापलेलं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं न्यायाधीशांच्या सहीच्या प्रतीवर बोट ठेवून जुळवायचं. मोठ्यानं म्हणजे अगदी सगळं: स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस सुरू, कंस बंद, नवा परिच्छेद. माझ्या जोडीला मास्तर. ते कधीकाळी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. एकवीस वर्षं आम्ही समोरासमोर बसलो आणि एकमेकांशी जितकं बोललो त्यात निम्मे स्वल्पविराम होते. आमचा एकच धर्म, प्रतीबरहुकूम. प्रतीत जे आहे ते. त्यात शहाणपण चालवायचं नाही.

आता हे तुला कदाचित माहीत नसेल, कारण बाहेर कुणालाच माहीत नसतं. निकाल एकदाच छापला जात नाही, तीनदा छापला जातो. ज्या दिवशी निकाल लागतो त्या दिवशी सुटी प्रत निघते. कोपऱ्यात टाचलेली पानं, साडेदहाला खिडकीवर मिळतात. मग वर्षा-दोन वर्षांनी कागदी वेष्टणाचा आगाऊ अंक निघतो. आणि मग, सगळे विसरून गेल्यावर, कापडी बांधणीचा जाडजूड खंड. कायद्याच्या दृष्टीनं खरा निकाल तो खंडातला. मधल्या काळात न्यायाधीश चुका दुरुस्त करू शकतात, आणि त्या गुपचूप होतात. कुठे खूण नाही, तळटीप नाही, काल हे होतं आणि आज ते आहे असं कुणी सांगत नाही. सुट्या प्रतीच्या डोक्यावर फक्त एक चौकट असते, इतक्या बारीक अक्षरात की तुझ्या दुकानातला सगळ्यात जाड चष्मा लागेल. ही प्रत अधिकृत खंडात प्रसिद्ध होण्यापूर्वी बदलू शकते. चूक आढळल्यास वाचकांनी प्रकाशन शाखेस कळवावे. नोकरीभर मी ती चौकट ऐकली, चौकट सुरू, चौकट बंद. आणि नोकरीभर मला वाटत आलं की केवढी ही नम्रता, एवढं मोठं कोर्ट आणि रस्त्यावरच्या माणसाला म्हणतंय की आमचं चुकलं तर सांग बाबा. आता वाटतं, ती नम्रता नव्हे, ती हात झटकायची सोय आहे. जगाला काय, जग सुटी प्रत वाचतं आणि कामाला लागतं. खंड येईपर्यंत कोण थांबतंय?

तुझा खटला आमच्या कोर्टात आला तेव्हा मी काय करायला हवं होतं ते सरळ होतं. निकाल निघायचा त्या सकाळी शाखेतल्या प्रत्येक वाचकाला एका वहीत सही करावी लागते: आज वाचावयाच्या निकालातील कोणत्याही पक्षाशी वा साक्षीदाराशी माझे नाते नाही. नातं असेल तर तसं सांगायचं, निकाल दुसऱ्या जोडीकडे जातो आणि आपण घरी किंवा कॅन्टीनमध्ये. एवढंच. लाज नाही, शिक्षा नाही. मी सांगितलं नाही. मला तो निकाल माझ्या डोळ्यांनी आणि सगळ्यांच्या आधी बघायचा होता. माझी बारकी, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या तक्रार-टेबलावरची साधी कारकून, आपल्याच साहेबाविरुद्ध साक्षीला उभी राहिली होती. त्या इमारतीतून लिफ्टबद्दल तीनदा फोन आले, तीनदा तू वहीत लिहिलंस, तीनदा साहेबाला सांगितलंस. चौथ्या मजल्यावरून लिफ्ट कोसळली, दोन माणसं गेली, आणि त्या रात्रीतून साहेबानं तुझ्या नोंदींखाली मागच्या तारखा घालून "तपासणी केली, दोष नाही" असं लिहून टाकलं. तू हे भर कोर्टात सांगितलंस. थरथरत सांगितलंस, पण सांगितलंस. साक्ष देऊन घरी आलीस आणि म्हणालीस, "ताई, मी पाच नंबरची साक्षीदार. शाळेत कधी पहिल्या पाचांत आले नाही, शेवटी कोर्टात आले." आई केवढी हसली होती.

तर मी त्या वहीत सही केली. तू बाहेर खिडकीच्या रांगेत उभी आहेस हे मला माहीत होतं, आणि रांगेतल्या तुझ्यापेक्षा तासभर आधी मला कळणार याचा मला, खोटं कशाला बोलू, माज चढला होता.

निकालाच्या सकाळी वाचनखोलीचं दार आतून बंद करतात. फोन एका ट्रेमध्ये काढून ठेवायचे. साडेदहा वाजून वर कोर्टात निकाल जाहीर झाल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. मास्तर वाचायला लागले. कंपनी दोषी. परिच्छेद एकोणतीसमध्ये लिहिलं होतं की तक्रारी नोंदवून घेणाऱ्या कारकून महिलेची साक्ष सरळ आणि विश्वासार्ह आहे. तिथे नंबर नव्हता, नुसतं कारकून महिला. मी बोट ठेवलं होतं त्या ओळीवरून बोट काढवेना. मास्तर म्हणाले, "झोपलात का?" मी म्हटलं, "चला पुढे."

आणि मग परिच्छेद चव्वेचाळीस. साक्षीदार क्रमांक चार, यांनी अपघातानंतर, स्वल्पविराम, नोंदवहीत मागील तारखांच्या नोंदी केल्या, स्वल्पविराम, त्यांच्या साक्षीवर विसंबता येत नाही, पूर्णविराम. मला सुरुवातीला काहीच वाटलं नाही. चार म्हणजे तुझा साहेब, तुझ्या आधी तोच उभा राहिला होता. मग शेवटच्या पानावर साक्षीदारांची यादी आली. मास्तरांनी वाचली. तीन, कंपनीचे पर्यवेक्षक. चार, तक्रार-टेबलावरील कारकून.

काय झालं होतं ते मला तिथल्या तिथे कळलं. असल्या गोष्टी कळण्यासाठीच तर मी जन्मभर तळघरात बसले. यादीतला दुसरा साक्षीदार, त्या इमारतीचा राखणदार, साक्षीला कधी आलाच नाही. म्हणून शेवटी त्याला गाळून यादी नव्यानं केली. खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. तुझा पाचचा चार झाला, साहेबाचा चारचा तीन. न्यायाधीशांनी बाकी सगळीकडे माणसांना हुद्द्यानं ओळखलं होतं. या एका परिच्छेदात त्यांनी जुन्या टिपणावरून जुना नंबर उचलला. साहेबानं केलेली लबाडी एका आकड्यानं तुझ्या गळ्यात पडली.

घड्याळात साडेनऊ झाले होते. एक तास होता. अशा वेळी करायचं काय ते ठरलेलं आहे. गुलाबी रंगाची शंकेची चिठ्ठी असते. पान, परिच्छेद, शंका, आणि खाली वाचकाची सही. दाराच्या फटीतून ती शिपायाकडे द्यायची, तो वर न्यायाधीशांच्या दालनात नेतो, दहा मिनिटांत उत्तर येतं. मी चिठ्ठी ओढली. पान एकतीस लिहिलं. परिच्छेद चव्वेचाळीस लिहिलं. आणि खालची छापील ओळ दिसली, ती काही मी नव्यानं वाचत नव्हते: माझे या प्रकरणातील कोणाशीही नाते नाही. सकाळची वहीतली सही खोटी होती, आता ही दुसरी. आणि शंका साक्षीदार क्रमांक चारच्या बाजूची. वर कुणी नुसतं विचारलं असतं की ही कोण वाचक, तर तिचं आणि साक्षीदाराचं आडनाव एकच आहे हे समजायला काय लागतं? निकाल रोखला गेला असता. चौकशी लागली असती. निकाल फुटला असा संशय आला असता. मी ती चिठ्ठी चुरगाळून पर्समध्ये टाकली. मास्तरांना सांगितलं असतं तर त्यांनी स्वतःच्या सहीनं दुसरी चिठ्ठी लिहिली असती, त्यांचं तर कुणाशी काही नातं नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. सुचलं होतं. पण मग मास्तरांना कळलं असतं ना, की मी खोटी सही केली. इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाच्या नजरेतून उतरायचं नव्हतं, म्हणून तुला उतरू दिलं.

मनाला मी काय समजावलं ते ऐक. सुटी प्रत आहे. सुटीच तर आहे. चौकट आहे वर. खंडात होईल दुरुस्त.

साडेदहाला दार उघडलं. मी जिना चढून वर आले. तू खिडकीपाशी उभ्या उभ्या पानं उलटत होतीस, पुस्तकाचा शेवट आधी वाचणारी तू, सरळ मागची पानं. मला तू दिसत होतीस, तुला मी दिसत नव्हते. तू थांबलीस. पुन्हा वाचलंस. मग शेवटचं पान काढलंस, यादीवर बोट ठेवलंस, अगदी माझ्यासारखं, आणि पुन्हा मागे गेलीस. मग मान वर करून आजूबाजूला बघायला लागलीस, कुणी ओळखीचं दिसतंय का. मी जिना उतरून खाली गेले.

पुढचं तू भोगलंस, मी काय सांगणार. वर्तमानपत्रवाल्यानं तेवढाच परिच्छेद उचलला. नाव नव्हतं, पण त्या कंपनीत कारकून बाई एकच होती हे तुझ्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. खटला हरलेल्या कंपनीनं तुला काढताना पत्राला पान एकतीस जोडलं, न्यायालयानेच म्हटले आहे असं तोंड वर करून लिहिलं, आणि साहेब आपला आजही तिथेच आहे. दुसरीकडे नोकरी मागायला गेलीस की तुझ्या आधी ते पान तिथे पोहोचलेलं असायचं. निकालाच्या संध्याकाळी घरी आल्यावर तू मला विचारलंस, "ताई, मी पाच होते ना गं? शपथ घेताना पाच म्हणाले होते." मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, यादीत तू चार आहेस. शब्दन्‌शब्द खरं. प्रतीबरहुकूम.

आईनं मात्र वर्तमानपत्र घडी करून ओट्याखाली टाकलं आणि म्हणाली, "यांचं काहीतरी चुकलंय. बारकी खोटं बोलली की तिचं नाक लाल होतं, त्या दिवशी झालं नव्हतं." मी, कोर्टात नोकरी करणारी मी, तिला समजावत होते की आई, निकाल आहे तो, निकालाला चुकलं म्हणायचं नसतं. आईनं माझ्याकडे बघितलं आणि भाजी चिरायला घेतली. तिला शाळा फक्त चौथीपर्यंत, पण आमच्या अख्ख्या शाखेपेक्षा तिला वाचता चांगलं यायचं.

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. म्हणजे जे केलं ते ऐकून तुला हसू येईल, आणि मला तेच नको आहे. महिनाभरानं मी एक पत्र लिहिलं. वाचकांनी कळवावे असं चौकटीत आहे ना, मग मी वाचक झाले. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं. तुम्ही दोघी घरी नसताना, स्वयंपाकघरात बसून, जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या मुलीसारखं. परिच्छेद चव्वेचाळीसमधील क्रमांक जुन्या यादीप्रमाणे पडला आहे, चार ऐवजी तीन हवे. खाली सही: एक वाचक. बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तिथल्या पेटीत टाकलं. जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी ते पत्र माझ्याच टेबलावर आलं. त्या महिन्यात वाचकांची पत्रं उघडायची पाळी माझी होती, हे मी हुशारीच्या भरात विसरले होते. समोर आमच्या शाखाप्रमुख बाई बसलेल्या. त्यांनी ते वाकडं अक्षर बघितलं, पाकिटाची मागची पुढची बाजू बघितली आणि म्हणाल्या, "नाव नाही, पत्ता नाही. निनावी आहे, टाका दप्तरी." नियम तसाच आहे. निनावी पत्राची दखल घ्यायची नाही, शिक्का मारून जमा करायचं. मला एवढंच म्हणायचं होतं, बाई, एक मिनिट, यादी तर बघू. एक मिनिट लागलं असतं. पण बाईंनी पत्र पुन्हा हातात घ्यायला नको होतं, कारण त्या डाव्या हाताच्या अक्षरातला "क" माझ्या नेहमीच्या "क"सारखाच दिसतोय असं मला वाटत होतं. मी शिक्का उचलला, तारीख फिरवली आणि माझ्याच पत्रावर मारला. निनावी, दप्तरी जमा.

त्यानंतर मी मूग गिळून बसले ते बसलेच. तू गाव सोडलंस. दुसऱ्या वर्षी मी तुला भेटायला आले, तुझ्या त्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत. पावती स्वतः लिहीत नाही, पुन्हा कुणी नोंदीवर बोट ठेवायला नको, असं तू हसत सांगितलंस, आणि मला राग आला तो माझाच. मग जेवताना तू सहज म्हणालीस, "ताई, कधी कधी वाटतं, मीच लिहिलं असेल नंतर. घाबरून. माणूस घाबरून काय काय करतं. मला आता नीट आठवतच नाही." तुझं नाक लाल नव्हतं, बारके. तुला ते खरंच वाटायला लागलं होतं. तू स्वतःची साक्ष स्वतःच फिरवत होतीस, आणि समोर मी घास चावत बसले होते. तेव्हा सांगायला हवं होतं. पर्समध्ये ती चुरगाळलेली गुलाबी चिठ्ठीसुद्धा होती. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुला कधीपासून माहीत आहे. त्या प्रश्नाला मी दोन वर्षं घाबरत होते, आणि जितका उशीर होत गेला तितका प्रश्न मोठा होत गेला. मी म्हटलं, भाजी छान झालीय.

आई गेली तेव्हाही तू आलीस आणि तिसऱ्या दिवशी परतलीस. शेजारपाजारचे तुझ्याकडे कसे बघत होते ते मला दिसत होतं. तेव्हाही नाही.

आता दुरुस्ती कशी झाली ते सांगते. आमच्याकडे एका म्हाताऱ्याची कार्डं येतात. निवृत्त भूमापक. जन्मभर जमिनी मोजल्या, आता निकाल मोजतो. वाचनालयात बसून आगाऊ अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि हिरव्या शाईत कळवतो की अमुक पानावर कंस उघडला तो मिटला नाही. शाखेत सगळे त्याची नक्कल करतात. मीच सगळ्यात छान करते, हशा पिकतो. गेल्या हिवाळ्यात त्याचं कार्ड आलं. दोन ओळी. परिच्छेद चव्वेचाळीस, साक्षीदार क्रमांक चार ऐवजी तीन हवा, सोबतची यादी पाहावी. खाली नाव, पत्ता, आणि कळावे असं नम्रपणे. त्याला तू माहीत नाहीस. त्याला लिफ्ट माहीत नाही. त्याला फक्त आकडा जुळला नाही. नाव-पत्ता होता म्हणून कार्ड रीतसर वर गेलं. न्यायाधीश तोवर निवृत्त झालेले, म्हणून शिपाई कागद घेऊन त्यांच्या घरी गेला. त्यांनी यादी पाहिली, "अरेरे" म्हणाले, सही केली आणि शिपायाला चहा घ्या म्हणाले. शिपायानं येऊन आम्हाला सांगितलं की माणूस मोठा साधा आहे. तुझी पाच वर्षं त्या एका अरेरेत आटोपली, आणि त्यांना तर तेही कळलं नाही.

गेल्या महिन्यात खंड निघाला. कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. परिच्छेद चव्वेचाळीस: साक्षीदार क्रमांक तीन. जणू पहिल्यापासून तीनच होतं. मी त्या पानाची छायाप्रत काढली, पाकिटात घातली आणि तुला पाठवली. सोबत एक ओळसुद्धा लिहिली नाही. तुला वाटलं असेल, ताईला भरून आलं असेल, शब्द सुचले नसतील. शब्द सुचले होते. मी मुद्दामच लिहिले नाहीत. तू काय समजशील ते मला पक्कं ठाऊक होतं, आणि तू तसंच समजावंस असं मला वाटत होतं.

आणि तू तसंच समजलीस. जाळीनंतर, भिंतीच्या मापानंतर, तुझ्या पत्रातलं ते वाक्य: "ताई, इतकी वर्षं एक शब्द न बोलता तू एकटी माझ्यासाठी लढत होतीस, आणि मला वाटायचं तूसुद्धा माझ्यावर विश्वास ठेवत नाहीस; मला माफ कर." बारके, तू माझी माफी मागितलीस. नऊ दिवस मी हे वाक्य घेऊन बसलेय. गप्प राहिले तर पुढच्या महिन्यात तुझ्या आतल्या खोलीत माझं कपाट लागेल आणि तू मला गरम गरम वाढशील, हे मला दिसत होतं, आणि मोह झाला होता, हेही लिहून ठेवते. पण एक चूक मी सुट्या प्रतीत राहू दिली, ही दुसरी तुझ्या पत्रात राहू देणार नाही. मी लढले नाही. मला तुझ्याही आधी माहीत होतं, त्या सकाळी साडेनऊला. तू काहीच नंतर लिहिलं नव्हतंस, तुला बरोबर आठवत होतं, तू पाचच होतीस. आभार मानायचे असतील तर त्या भूमापकाचे मान, पत्ता मागे लिहिलाय, तुझ्या स्वतःच्या अक्षरात त्याला एक कार्ड टाक. चाळीस वर्षांत मी कोर्टातला एक कागद बाहेर नेला नव्हता. काल दप्तरातून एक काढला, तो सोबत जोडलाय. तेच ते डाव्या हाताचं पत्र, त्यावर माझाच शिक्का. निनावी म्हणून त्याची दखल घेता आली नव्हती. आज त्याखाली उजव्या हातानं माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिलाय. आता दखल घ्यायची की नाही, ते तू ठरव. तोवर मी सामान बांधत नाही.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
ताई